अरबाबच्या बाणांना कपाटाचा वास

संध्याकाळी जबल अलीच्या ऑफिसातून शारजाला, अल मजाजमधल्या घरी पोचलो की माझ्यात दोनच कामांची ताकद उरते: चहा पिण्याची, आणि चहा झाला का असं विचारण्याची. ऑगस्टमध्ये दुसऱ्या कामाचीही नाही. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत जाईतो चष्म्यावर वाफ धरते, शर्ट पाठीला चिकटतो आणि समोरच्या लगूनचं पाणीसुद्धा बिचारं घामाघूम झाल्यासारखं दिसतं. अशा वेळी बिल्डिंगमधले माझ्या वयाचे इतर पुरुष सोफ्यावर आडवे होतात. मी जेवणाच्या टेबलावर जुने पेपर अंथरायचो आणि बाण घेऊन बसायचो.

बाण म्हणजे बाणच. धनुष्याचे. पुण्याच्या मेव्हण्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आधी विचारलं की हा कुठला गेम आहे आणि मग विचारलं की तब्येत बरी आहे ना.

बाण माझे नव्हते, आमच्या अरबाबचे होते. अरबाब म्हणजे कंपनीचा मालक. इथे सगळे त्याला असंच म्हणतात, तोंडावरही. आमची कंपनी बांधकामाचं सामान आणते आणि विकते. मी तिचे हिशेब आणि शिपिंगचे कागद बघतो, म्हणून अरबाब मला कधी नावाने हाक मारत नाहीत. त्यांच्यासाठी मी मुहासिब, म्हणजे हिशेबनीस. स्वतः अरबाब साठी ओलांडलेला, शांत, कमी बोलणारा माणूस. व्यसन एकच, धनुष्याने शिकार. या देशात शिकारीला बंदी आहे, त्यामुळे दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटी ते पूर्व युरोपातल्या एका जंगलात जायचे. तिथे रीतसर परवाना मिळतो, एक हरीण ठरवून दिलं जातं, आणि ते मिळेल याची खात्री कोणीच देत नाही.

आता यात हिशेबनीस कुठून आला? तो आपल्या तोंडामुळे आला.

काही वर्षांपूर्वी त्यांच्या बाणांचं पार्सल आमच्या वेअरहाउसला आलं. कागद माझ्याकडे, म्हणून खोकं माझ्या टेबलावर. अरबाब एकेक बाण हातात घेऊन बघत होते. मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "अरबाब, हमारे खानदान में ये सब बहुत था. तलवार, भाला, तीर. हम मराठा लोग." खरं म्हणजे आमच्या खानदानात किराणा दुकान होतं आणि त्यात सर्वांत धारदार वस्तू गूळ फोडायचा कोयता होती. अरबाबनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग एक छोटा नाजूक वजनकाटा पुढे ठेवला आणि म्हणाले, "अच्छा. तो ये सब का वज़न बराबर करो."

मी केलं. सगळ्या बाणांचं एकत्र वजन घेतलं, संख्येने भागलं, सरासरी अगदी हवी तशी आली, आणि मी अभिमानाने रिपोर्ट दिला. अरबाबनी शांतपणे विचारलं, "मुहासिब, मैं सब तीर एक साथ छोड़ूँगा?" प्रत्येक बाण वेगळा तोलायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. ऑफिसात ते महिनाभर कुणाला तरी सांगून हसत होते.

दुसऱ्या मौसमात मी बाण तयार करून गाडीच्या डिकीत ठेवले आणि जबल अलीच्या उघड्या पार्किंगला दिवसभर गाडी उभी केली. सप्टेंबरची दुपार. बाणाच्या कांडीत पुढे एक धातूची नळी बसवतात, त्या नळीत टोक फिरवून घट्ट करतात, आणि ती नळी गरम करून लावायच्या गोंदाने धरलेली असते. गरम करून लावलेला गोंद गरम झाल्यावर काय करतो, हे दहावी पास कुणालाही सुचलं असतं. संध्याकाळी डिकी उघडली तर सगळी टोकं थोडी थोडी बाहेर आलेली आणि थोडी थोडी वाकडी, जशी शाळा सुटल्यावर मुलं फाटकाशी उभी राहतात तशी.

तरी अरबाबनी मला काढलं नाही. मी ते प्रेम समजत होतो. बायकोचं म्हणणं होतं की त्यांना फुकटचा माणूस मिळाला आहे, तो का सोडतील. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असावं. एवढं खरं की वर्षं गेली तसा मी ते काम शिकलो, आणि तसाच कंटाळत गेलो. डोळ्यांना चष्मा कमी पडू लागला. अंगठ्याच्या सांध्यात दुखू लागलं. दर वर्षी मी ठरवायचो की या वर्षी सांगायचं, अरबाब, आता दुसरा कोणी बघा. आणि दर वर्षी जुलैत ते म्हणायचे, "मुहासिब, यल्ला, मौसम आ गया," आणि मी म्हणायचो, "जी अरबाब."

या वर्षी जुलैत मी पाठ केलेलं वाक्य घेऊनच त्यांच्या केबिनमध्ये गेलो. पण आधी तेच बोलले.

"मुहासिब, डॉक्टर बोला, कंधा खलास. ये मेरा आख़िरी मौसम है."

दोन वर्षं ते रिकाम्या हाताने परत आले होते. एकदा हरीण आलंच नाही. एकदा आलं, पण ऐन वेळी वारा फिरला, त्याला माणसाचा वास लागला आणि ते पळालं. त्याआधीच्या वर्षी सोबतच्या एका शिकाऱ्याचा बाण तिरका गेला, जखमी हरीण रात्रभर जंगलात फिरलं आणि सकाळी सापडलं. ती गोष्ट अरबाबनी मला एकदाच सांगितली, जेवणाचं ताट बाजूला सारून. त्यांना एकच हवं होतं: एक सरळ बाण, जनावराला कळायच्या आत सगळं संपेल असा. तो या वर्षी, नाहीतर नाही.

माझं पाठ केलेलं वाक्य मी तसंच घरी घेऊन आलो.

"बोललात का?" बायकोने विचारलं.

"त्यांचं हे शेवटचं वर्ष आहे."

"असं का," ती म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलावरचं मीठ-लोणचं आपणहून उचलून ठेवू लागली.

तेव्हा हा ऑगस्ट असा गेला. आधी प्रत्येक कांडी कानाजवळ धरून हलकीशी वाकवायची. आत कुठे तडा असेल तर कर्र असा बारीक आवाज येतो, आणि तसली कांडी सुटताना हातात फुटते. हा आवाज एसीच्या घरघरीत ऐकू येत नाही. म्हणून मी एसी बंद करायचो. शारजात, ऑगस्टमध्ये. मुलगी आपल्या खोलीतून बाहेर यायची, मी डोळे मिटून कानाशी बाण लावून बसलेलो बघायची आणि म्हणायची, "बाबा, धिस इज नॉट नॉर्मल. यू नो दॅट, राइट?" आणि पंखा घेऊन परत जायची.

मग पाती. शिकारीच्या बाणाला पुढे जे रुंद धारेचं टोक असतं त्याला ब्रॉडहेड म्हणतात. मी आपलं पातं म्हणतो. त्याची धार अशी हवी की ताणून धरलेलं रबर नुसतं टेकताच तुटलं पाहिजे. बोथट पातं हा त्या जनावराचा छळ आहे, असं अरबाब म्हणायचे. आधी कानस, मग दगड, मग शेवटी चामड्यावर घासायचं. चामडं म्हणून मी एकदा माझाच पट्टा वापरला होता आणि दुसऱ्या दिवशी तोच घालून बँकेच्या मीटिंगला गेलो होतो. उभं राहून हस्तांदोलन करताना तो कुठे तुटला आणि पुढे काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून एक जुनी चप्पल वापरतो. धार लावून झाली की पातं बसवून बाण टोकावर भोवऱ्यासारखा फिरवायचा. जरा जरी डगमगला तर पातं तिरकं बसलंय. पुन्हा काढा, पुन्हा गरम करा, पुन्हा बसवा. आणि शेवटी तेलाचं बोट. इथल्या खाऱ्या हवेत लोखंडावर गंज यायला दोन दिवस पुरतात.

राहिली पिसं. अरबाबचं धनुष्य लाकडी, जुन्या धाटणीचं. त्यात बाण लाकडाला घासून निघतो, म्हणून मागे प्लास्टिकची पिसं चालत नाहीत, ती आपटून बाण भरकटवतात. खरी पक्ष्याचीच पिसं लागतात. आणि खऱ्या पिसांना कसर लागते. गेल्या वर्षी मौसमाच्या सुरुवातीला बॉक्स उघडला तर पिसांच्या कडा दातांनी कुरतडल्यासारख्या झालेल्या. माझी अशी फजिती झाली की मी मनाशी म्हटलं, आता पुन्हा नाही. या वर्षी मार्चमध्ये बॉक्स कपाटात ठेवताना मी पक्का बंदोबस्त केला. बॉक्सच्या फोममध्ये डांबराच्या गोळ्या दाबल्या. एक-दोन नाही. कसरीला विचार करायलाही जागा राहणार नाही इतक्या.

आपल्याकडे कपाट आणि डांबराच्या गोळ्या यांच्यात काही वेगळेपण उरलेलं नसतं. आमच्या घरात तो वास हा वास नसतो, तो कपाटाचा स्वभाव असतो. त्यात माझं नाक एसीने कायमचं चोंदलेलं. त्यामुळे महिनाभर मी ते बाण हातात घेऊन बसलो, बायको समोर भाजी निवडत बसली, आणि आम्हा दोघांपैकी कोणालाही काहीही जाणवलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी बाण घेऊन मी रास अल खैमाला अरबाबच्या फार्मवर गेलो. डोंगराच्या पायथ्याशी खजुराची झाडं, एक बैठं घर, मागे सरावासाठी गवताचे गठ्ठे. मंगळवारी त्यांचं विमान होतं. मी या वेळी बॉक्स डिकीत नाही, एसी लावून पुढच्या सीटवर ठेवला होता, बेल्ट लावून. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न बिघडवता काम पूर्ण केलं होतं, आणि रस्ताभर एकटाच खूश होतो.

फार्मवर शिरलो तेव्हाच काहीतरी वेगळं वाटलं होतं. दर वेळी दारातूनच ऊदचा वास येतो. चोंदलेल्या नाकालाही कळतो इतका. त्या दिवशी नव्हता. बैठकीत धुपाचं भांडं रिकामं, थंड. अरबाबचे पांढरे कपडे मागे दोरीवर वाळत होते.

"सब बंद किया," अरबाब म्हणाले. "एक महीना ऊद नहीं, बुखूर नहीं. कपड़ा सादा साबुन में. घरवाली बोलती है, किसका मय्यत है." ते किंचित हसले. "हिरन का नाक बहुत तेज़ है, मुहासिब. इस बार हवा उल्टा भी हुआ तो उसको मेरा पता नहीं चलना."

"इन्शाल्ला," मी म्हणालो आणि बॉक्स पुढे केला.

त्यांनी झाकण उघडलं. उघडलं आणि मान मागे घेतली. मग एक बाण उचलला, पिसं नाकाशी नेली, आणि तसेच थांबले.

"मुहासिब."

"जी अरबाब."

"ये सूँघो."

मी वास घेतला. "कुछ नहीं आता, अरबाब. मेरा नाक..."

त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. आमचा ड्रायव्हर पेशावरचा, धिप्पाड, बोलण्यात सरळसोट. तो दारातच थांबला, दोन पावलं पुढे येऊन पुन्हा मागे गेला.

"साब, ये तो होटल के बाथरूम वाला है," तो म्हणाला. "बेसिन में सफ़ेद गोली डालते हैं ना, वो."

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. मी बाजूला जाऊन बायकोला फोन लावला.

"डांबराच्या गोळ्या किती होत्या गं घरात?"

"मला काय विचारता? माझ्या पैठणीच्या कप्प्यातल्यासुद्धा तुम्हीच काढून नेल्यात." मग सावध होऊन, "का? काय झालं?"

"अरबाबच्या बाणांना वास येतोय."

तिने कपाट उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्यांना सांगा, आमच्यात लग्नाच्या शालूंनापण येतो."

मी हे सांगितलं नाही. मी परत आलो तेव्हा अरबाब पायरीवर बसले होते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसतेच दमलेले दिसत होते. उजवा हात डाव्या हाताने कोपराशी धरलेला. एक महिना ज्या माणसाने स्वतःच्या अंगाचा वास पुसून टाकला, त्याच्या बाणांना मी लग्नाच्या कपाटाचा वास आणून दिला होता. हरणाला अर्ध्या मैलावरून कळलं असतं की कोणीतरी पैठणी घेऊन आलंय.

"धूप में रखता हूँ, उड़ जाएगा," ड्रायव्हर बॉक्स उचलत म्हणाला.

"नको, नको, ठेव," मी मराठीतच ओरडलो. उन्हात वास उडेल, पण गोंदही विरघळेल. ती शाळा सुटलेली टोकं मला अजून आठवत होती. हे सांगितलं तेव्हा अरबाबनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"चलो, एक चीज़ तो सीखा," ते म्हणाले.

उपाय एकच होता. सगळी पिसं खरवडून काढायची, कांड्या स्पिरिटने पुसायच्या, नवी पिसं लावायची आणि बाण दुसऱ्या, बिनवासाच्या बॉक्समध्ये ठेवायचे. नवी पिसं फार्मवर होती, एक न उघडलेलं पाकीट. ते मीच गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलं होतं आणि रंगाचा नंबर चुकून राणी रंगाची पिसं आली होती. अरबाबनी ती तेव्हा न बोलता कपाटात टाकून दिली होती. आता त्यांनी तीच काढून टेबलावर ठेवली.

"बारात लगेगा," मी म्हणालो.

"हिरन को ये रंग नहीं दिखता." मग थोड्या वेळाने, "मेरे दोस्तों को दिखता है."

सगळे बाण एका दिवसात होणार नव्हते. आम्ही सहा निवडले. पिसं लावायचा एक चिमट्याचा साचा असतो. त्यात पीस धरायचं, गोंदाची बारीक रेघ ओढायची, कांडीवर दाबायचं आणि गोंद धरेपर्यंत थांबायचं. मग कांडी तिसरा हिस्सा फिरवायची आणि पुन्हा तेच. घाई केली की पीस सुटतं. मी गोंद लावायचो, अरबाब डाव्या हाताने साचा दाबून धरायचे. ड्रायव्हर चहा आणून ठेवायचा, सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा, आणि बिनवेलचीचा, कारण वेलचीलाही वास असतो. बाहेर ऊन डोंगरावर पांढरं पडलं होतं. थांबण्याच्या त्या वेळात आम्हा दोघांना करायला काही नसायचं, म्हणून बोलणं झालं. इतक्या वर्षांत एवढं कधी झालं नव्हतं.

"तुमने कभी चलाया?" त्यांनी विचारलं.

"कभी नहीं, अरबाब."

"तलवार वाला खानदान."

मी गोंदाच्या नळीकडे बघत राहिलो. "किराना दुकान था, अरबाब. दादाजी गुड़ बेचते थे."

"मालूम है मुझे."

"कैसे?"

"तुम हर चीज़ दो बार तौलता है. तलवार वाला एक बार भी नहीं तौलता." त्यांनी साचा सोडला, पीस अंगठ्याने हळूच दाबून पाहिलं. "इसीलिए तुमको दिया. मेरे घर में सब तलवार वाले हैं."

खरं सांगायचं तर मला त्या वेळी झोप येत होती, मान आखडली होती, आणि एवढी चांगली गोष्ट कानावर पडूनही मनात हेच चाललं होतं की अजून तीन बाण राहिलेत.

दुपार कलल्यावर सहावा संपला. अरबाबनी त्यातला पहिला घेतला, पातं काढून सरावाचं टोक लावलं आणि मागे गठ्ठ्यांसमोर उभे राहिले. धनुष्य ओढताना त्यांच्या तोंडून श्वासाचा बारीक आवाज आला. बाण गेला. राणी रंगाची एक रेघ हवेत दिसली आणि गठ्ठ्याच्या मधोमध थांबली. न डगमगता.

"दूसरा?" ड्रायव्हरने विचारलं.

"नहीं. एक बस." ते परत पायरीवर येऊन बसले आणि खांदा धरून राहिले. "जितना बाक़ी है, उधर लगेगा."

मंगळवारी ते गेले. पुढचा आठवडा मी जबल अलीत बसून कंटेनरचे कागद करत होतो आणि फोन वाजला की दचकत होतो. बायको रोज विचारायची, काही कळलं का. मुलगीसुद्धा एकदा म्हणाली, "सो, डिड ही गेट इट?" मी मनातल्या मनात अभिनंदनाची अरबी वाक्यं जुळवून ठेवली होती. मबरूक, अरबाब. अल्फ मबरूक. आणि त्यापुढे, खूप पुढे, माझं ते जुनं वाक्य, ज्याची आता गरजच उरणार नव्हती.

परत आल्यावर त्यांनी ऑफिसात काही सांगितलं नाही. शनिवारी फार्मवर बोलावलं.

नवा बॉक्स टेबलावर होता. मी उघडला. सहाच्या सहा बाण आत होते, पिसं जशीच्या तशी, पाती बसवलेली, धार मी लावली होती तशीच. एकालाही माती लागली नव्हती.

"नहीं आया?" मी विचारलं.

"आया." अरबाब समोर बसले. "तीसरे दिन सुबह. बड़ा था, सींग ऐसा." त्यांनी हात उघडले आणि उजवा अर्ध्यावरच थांबला. "हवा भी पीछे से हो गया थोड़ा. उसने नाक उठाया, सूँघा. कुछ नहीं मिला उसको. फिर घास खाने लगा. इतना पास, मुहासिब, मैं उसके दाँत की आवाज़ सुन रहा था."

"फिर?"

"मैंने खींचा. पूरा खींचा. और हाथ काँपने लगा. नोक कभी उसके सीने पे, कभी पेट पे." ते खिडकीबाहेर बघत होते. "तीर का भरोसा था. हाथ का नहीं था. तो मैंने धीरे से वापस छोड़ दिया, बिना चलाए. वो खाता रहा. पेट भरा, फिर गया."

मी जुळवून ठेवलेली अरबी वाक्यं कुठे ठेवावीत हे मला कळेना. अशा वेळी गप्प बसायचं असतं, पण ती विद्या मला कधीच आली नाही. मी म्हणालो, "कोई बात नहीं अरबाब, अगली बार, इन्शाल्ला."

ते माझ्याकडे वळले.

"अगला बार नहीं है, मुहासिब."

"जी."

ड्रायव्हरने चहा आणला. या वेळी त्यात वेलची होती. अरबाबनी कोपऱ्यातलं धनुष्य आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"खींचो."

"मैं?"

"इतने साल तीर बनाया. एक बार देखो, जाता कैसे है."

आम्ही मागे गेलो. सरावाचं टोक लावलेला बाण त्यांनी दोरीवर चढवून दिला. मी ओढलं. दोरी वीतभर आली आणि पुढे येईना. मी दात आवळून पुन्हा ओढलं. कमरेत काहीतरी चमकलं आणि मी वाकलो तो वाकूनच राहिलो. बाण माझ्या पायाशी पडला. ड्रायव्हरने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते.

"इधर दो," अरबाब म्हणाले. त्यांनी धनुष्य घेतलं, बाण चढवला, उभे राहिले, आणि अर्ध्यापर्यंत ओढून थांबले. मी वाकलेल्या अवस्थेतून वर बघत होतो. त्यांचा हात थरथरला. त्यांनी दोरी हळूच सैल केली, बाण काढला.

"ठीक है," ते म्हणाले. "दोनों का हिसाब बराबर."

ड्रायव्हर तरुण होता, तगडा होता, त्याने सहज ओढलं असतं. त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानेही हात पुढे केला नाही. तो चहाचे कप उचलून आत गेला.

आम्ही टेबलाशी परत आलो. मी कमरेवर हात ठेवून बसलो आणि सवयीने पहिला बाण उचलून पातं फिरवून काढू लागलो.

"अब क्यों?" त्यांनी विचारलं. "अब किसको चलाना है?"

"तेल नहीं लगाया तो गंज लगेगा, अरबाब. इस हवा में."

त्यांनी यावर विचार केला. मग कपाटातून तेलाची बाटली आणि फडकं आणून माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. मी पातं पुसून द्यायचो, ते तेलाचं बोट लावायचे, उजेडाकडे धरून धार बघायचे, आणि कापडात गुंडाळून बाजूला ठेवायचे. काम पाच मिनिटांचं होतं. दर वर्षी मी ते उभ्या उभ्या उरकत असे, कारण शारजाचा रस्ता संध्याकाळी तुंबतो आणि त्याच्या आत निघायचं असतं.

"आहिस्ता करो," अरबाब म्हणाले.

"जी."

कंबर दुखत होती, डोळे चुरचुरत होते, आणि रस्ता एव्हाना तुंबला असणार. मी पुढचं पातं घेतलं आणि पुसलेलंच पुन्हा एकदा पुसलं.